उभ्या गाडीची थरथर

खंडेनवमीच्या सकाळी मी गाडीचा एअर फिल्टर कपडे धुवायच्या पावडरमध्ये भिजवला, ब्रश मारून धुतला आणि गच्चीवर वाळत घातला.

तो कागदाचा असतो.

कागदाचा आहे हे हाताला कळतही होतं. पण खंडेनवमीला आमच्याकडच्या माणसाच्या अंगात काहीतरी संचारतं. घरात जे जे लोखंडाचं, धारेचं आणि चाकाचं असेल ते घासूनपुसून लखलखीत करायचं, पूजेला मांडायचं आणि दिवसभर त्याला कामाला लावायचं नाही. गावाकडे वडील फाळ, विळे, कुऱ्हाड, पाण्याची मोटार, सगळं धुऊन ओळीनं मांडायचे. मी नांदेडात फ्लॅटमध्ये राहतो. माझी हत्यारं म्हणजे एक स्क्रूड्रायव्हर, नारळ फोडायचा कोयता आणि ही जुनी पेट्रोल गाडी. कोयता धुवायला कितीसा वेळ लागतो? उरलेली सगळी भक्ती गाडीवर गेली. बाहेरून झाली, आतून झाली, मग बॉनेट उघडलं. एक काळा प्लॅस्टिकचा डबा दिसला, त्याच्या क्लिपा निघतात असं दिसलं, म्हणून काढल्या. आत घड्याघड्यांचा, धुळीनं माखलेला फिल्टर. मनात आलं, सणाच्या दिवशी पोटात एवढी घाण ठेवून ही पूजेला बसणार?

वाळल्यावर त्याचा आकार उन्हात विसरलेल्या पापडासारखा झाला होता. तसाच कोंबून बसवला. हळदकुंकू, झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं, सगळं यथासांग. दसऱ्याला सोनं द्यायला निघालो तर गाडी दमेकऱ्यासारखी खोकत गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि तिथून परत नेली. मग मी कुणालाही न सांगता नवा फिल्टर आणला. डबा पुन्हा बसेना. तेव्हा गुडघा टेकवला आणि रेटा दिला. कुठेतरी मागच्या बाजूला ‘चर्र’ असं काहीतरी झालं, पण डबा बसला. गाडी पळायला लागली. प्रकरण मिटलं, असं मी धरून चाललो.

मी आयुष्यभर अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं. त्यामुळे यंत्रांनी माझ्याशी जरा जपून वागावं अशी माझी अपेक्षा असते. यंत्रांना ही अपेक्षा कुणी कळवलेली दिसत नाही.

आता बायकोचं सांगतो, कारण ही गोष्ट खरं तर तिची आहे. ती मुदखेडजवळच्या शाळेत मराठी शिकवते. लग्न झाल्यापासून ती रेल्वेनं नाहीतर एसटीनं गेली, आणि रेल्वे चुकली की माझ्या मागे लागली, “अहो, सोडता का?” मी दर वेळी उपकार केल्यासारखं तोंड करून सोडायचो. पन्नाशी ओलांडल्यावर एका उन्हाळ्यात तिनं मला न विचारता ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. लायसन हातात आल्यावर मला पेढा दिला तेव्हा कळलं. जूनपासून ती एकटी गाडी घेऊन जायला लागली. संध्याकाळी परत येताना मागच्या सीटवर मुदखेडच्या मळ्यांतली फुलं असायची, कधी गलांडा, कधी निशिगंध. पार्किंगमध्ये गाडी लावून वर येतानाची तिची चाल बदलली होती. जिना तोच, पिशवी तीच, पण पायांत काहीतरी नवीन होतं. मी ते पाहिलं होतं आणि त्याबद्दल एक शब्दही बोललो नव्हतो. असा मी.

दिवाळीनंतर शाळा उघडली आणि गाडी तिच्या हातात बंद पडायला लागली. चौकात थांबली की इंजिन थरथरायचं, स्टिअरिंग हलायचं, समोरच्या आरशात मागची वाहनं नाचायची, आणि बंद. मुदखेडच्या अलीकडे रेल्वेच्या फाटकाला तर रोजचंच झालं. फाटक उघडायचं, हिची गाडी बंद, मागे रांग. एकदा मागच्या टेम्पोतून एकजण ओरडला, “ओ म्याडम, धक्का मारू का?” तो तिच्याच वर्गातल्या मुलीचा बाप निघाला. ओळखल्यावर तो खाली उतरून हात जोडून म्हणाला, “माफ करा म्याडम, मला वाटलं कुणी शिकाऊ हाय.” ती म्हणाली, त्यानं माफी मागितली ते जास्त लागलं.

शिवाय अ‍ॅव्हरेज बसलं. टाकी भरल्यावर जो काटा आठवडाभर रुबाबात उभा राहायचा तो आता मान टाकायला लागला.

मी तपास हाती घेतला. आधी पेट्रोल भरायचा पंप बदलला. मग चाकांतली हवा. मग एक बाटली मिळते, टाकीत ओतायची, तिच्यावर धावत्या चित्त्याचं चित्र असतं. ती ओतली. चित्ता बहुधा दुसरीकडे गेला. शेवटी गाडी आमच्या नेहमीच्या उस्तादकडे नेली. उस्ताद म्हणजे बोलका माणूस. इंजिनाशी, स्पॅनरशी, गिऱ्हाइकाशी सतत बोलत असतो. त्यानं बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि पहिलाच प्रश्न केला.

“साहेब, हिला कुणी हात लावलेला हाय का? खोलाखोली काही?”

“छे! कोण लावणार?” मी म्हणालो.

का म्हणालो असं? धुतलेल्या फिल्टरची गोष्ट त्यानं गॅरेजभर केली असती म्हणून. डॉक्टरसमोर बसून “बाहेरचं काही खाल्लं नाही” म्हणणाऱ्या पेशंटचा चेहरा असतो ना, तो मी केला.

“मंग आतलंच काहीतरी असंल,” उस्ताद म्हणाला आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवून आत आत शिरत गेला. प्लग बदलले. थ्रॉटल साफ केला. कॉइल तपासली, इंजेक्टर धुतले. दर वेळी दोन दिवस बरं वाटायचं, म्हणजे मला वाटायचं. बायको संध्याकाळी येऊन पिशवी ठेवायची आणि मानेनंच ‘नाही’ म्हणायची.

तेव्हा मी ठरवलं, आता शास्त्रीय पद्धतीनं जायचं. एका रविवारी गाडी घेऊन एकटाच लातूरला जाऊन आलो. पहाटे निघालो, रस्ता मोकळा, लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, गाडी लोण्यासारखी पळत होती. कुठे थांबायची वेळच आली नाही. लातुरात चहा प्यालो, परत फिरलो, आणि घरी येऊन निकाल जाहीर केला.

“गाडीत काहीही नाही. तू क्लच सोडायला चुकून राहिली.”

ती भाजी चिरत होती. विळी थांबली.

“मी उभ्या गाडीत क्लच कशाला सोडते?”

“तेच तर. न कळत सुटत असेल. पाय थरथरला की गाडी थरथरते. वय झालं की—” इथे मी थांबलो, पण पुरेसं उशिरा.

रात्री जेवण झाल्यावर तिनं पर्समधून लायसन काढलं, कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलं आणि गाडीची चावी माझ्या बाजूच्या खुंटीला अडकवली. सोमवारी सकाळी डबा घेऊन स्टेशनकडे पायी निघाली. संध्याकाळी फुलं नव्हती. तिची जिना चढायची चाल पूर्वीसारखी झाली होती, आणि मला हे कळत होतं की मी कितीही प्लग बदलले तरी ती चावी आता तिच्या हातात पुन्हा जाणार नाही. माझ्या एका वाक्यानं ते झालं होतं. मी मात्र मनाशी म्हणत होतो, खरं बोललं की लोकांना लागतंच.

पुढच्या रविवारी मी पार्किंगमध्ये गाडी पुसत होतो. बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू ठेवलं होतं. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, दारं उघडी. बायको ओला कचरा घेऊन खाली आली. ती शेजारून जाते न जाते तोच गाडीला हुडहुडी भरली. आरसे थरथरले, बॉनेट थरथरलं, आणि दोन आचके देऊन गाडी बंद पडली.

ती थांबली. वाकून उघड्या दारातून आत पाहिलं. ड्रायव्हरची सीट पाहिली, खाली पेडल पाहिले, मागची सीटही पाहिली. मग कचऱ्याची बादली खाली ठेवली.

“आत कुणाचा पाय आहे?”

मी फडकं पिळलं. कोरडंच होतं.

“नाही, मी विचारून राहिले. आत कुणी बसलंय का? क्लचवर कुणाचं वय झालंय?”

“अगं, म्हणजे तसं...”

“पुन्हा चालू करा.”

मी चालू केली. तिनं मला बॉनेट उघडायला लावलं आणि कमरेवर हात ठेवून इंजिनासमोर उभी राहिली. तिला बॉनेटखालच्या एकाही वस्तूचं नाव माहीत नव्हतं. पण तिची मान जराशी तिरकी झाली, आणि ती मान मी ओळखतो. वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना शेवटच्या बाकावर कुणी कुजबुजलं की तिची मान अशी होते, आणि न वळता ती त्या पोराचं नाव घेते.

“कुणीतरी शीळ घालून राहिलं,” ती म्हणाली.

“बेल्ट असतो तो. बेल्टचा आवाज असतोच.”

“हा बेल्टचा,” तिनं उजवीकडे बोट केलं. “हा पंख्याचा. आणि हा तिसरा. ह्याच्या मागून. दातावर दात ठेवून हवा ओढल्यासारखा.”

मला काहीही ऐकू येत नव्हतं. मला एकच मोठा खडखडाट ऐकू येत होता, ज्याला मी इतकी वर्षं ‘इंजिनाचा आवाज’ म्हणत आलो. तिला त्यात माणसं बसलेली दिसत होती. ती वर गेली आणि देवघरातली पेटती उदबत्ती घेऊन आली.

“अगं, पेट्रोल आहे इथे!”

“मग पेट्रोल कुठून जातं ते दाखवा, त्याच्या लांबून धरते. आमच्या कंधारच्या घरात आई अशीच बघायची, चुलीचा धूर धुराड्यात जातोय का खिडकीतून वारा आत येऊन राहिला ते. वारा दिसत नाही. धूर दिसतो.”

मी पेट्रोलची नळी दाखवली आणि पाण्याची बादली जवळ ओढून घेतली. धाडसाची माझी वाटणी एवढीच.

उदबत्तीचा धूर आधी सरळ वर जात होता. तिनं ती हळूहळू काळ्या डब्याच्या मागे नेली, तिथे एक बोटभर जाडीची रबरी नळी इंजिनाकडे वळते. नळीच्या वरून उदबत्ती गेली, धूर सरळ. बाजूनं गेली, सरळ. मग तिनं हात खाली घातला, नळी जिथे कोपरासारखी वाकते तिथे, आणि धुराची रेघ मोडली. आडवी झाली. ताणलेल्या दोऱ्यासारखी बारीक झाली आणि कोपराच्या खालच्या अंगात शिरली. वर धूर नव्हता, खाली नव्हता, आजूबाजूला नव्हता. उदबत्तीचं टोक नेहमीपेक्षा लालभडक झालं होतं, धूर निघत होता, आणि तो कुठेही नव्हता.

आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.

मग तिनं उदबत्ती माझ्या हातात दिली आणि त्या जागेवर अंगठा दाबला.

गाडी शांत झाली. हळूहळू वगैरे नाही. अंगठा टेकला आणि त्याच क्षणी ती हुडहुडी, तो खडखडाट, आरशांची ती थरथर, सगळं एकदम थांबलं. इंजिन चालू होतं, पण आता ते नुसतं गुणगुणत होतं. तिनं अंगठा उचलला, पुन्हा थरथर. ठेवला, शांत. तिनं तीनचारदा तसं केलं. लहान पोरीला नवी बाजाची पेटी मिळावी तसं.

“ओढतंय हो,” ती म्हणाली. “बोट ओढून राहिलंय आत. बघा ना.”

मी बोट ठेवलं. केसाएवढी चीर होती, डोळ्यांना दिसतही नव्हती. पण माझ्या बोटाची कातडी तिथे चिकटली आणि आत खेचली जाऊ लागली. घट्ट, न थांबता. अंगावर काटा आला. सिलिंडरातून पिस्टन खाली आला की वर पोकळी होते आणि बाहेरची हवा आत ढकलली जाते, हे मी किती वर्गांना सांगितलं असेल! फळ्यावर सिलिंडर काढायचो, एक बाण काढायचो, आणि बाणाखाली “परीक्षेला हमखास” असं म्हणायचो. तो बाण म्हणजे हे. माझ्या पार्किंगमध्ये, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या अजून अडकलेल्या त्या बॉनेटखाली, एका सेकंदात कितीतरी वेळा पोकळी जन्माला येत होती, आणि ती भरायला नांदेडवरचं सगळं आभाळ धावत होतं. गोदावरीवरचा ओला वारा, रस्त्याची धूळ, कुणाच्या फोडणीचा वास, सगळं. त्या आभाळाचं वजन आत्ता माझ्या तर्जनीच्या टोकावर होतं. मी बोट काढायलाच तयार नव्हतो.

आणि मग एकेक गोष्ट आपोआप उलगडत गेली. इंजिन आत जाणारी हवा मोजतं आणि तेवढंच पेट्रोल सोडतं. या चिरेतून शिरणारी हवा मोजणीच्या पुढच्या दारानं येतच नव्हती. धुराच्या नळीत एक नाक बसवलेलं असतं, ते बाहेर पडणारा धूर हुंगतं. त्याला हवा जास्त लागली की ते इंजिनाच्या मेंदूला सांगतं, पेट्रोल कमी पडतंय. मेंदू बिचारा आणखी पेट्रोल ओततो. म्हणून अ‍ॅव्हरेज बसलं. गाडी पळत असताना तिचा घसा, म्हणजे थ्रॉटल, चांगला उघडा असतो, त्या वावटळीत या चिरेला कोण विचारतं? पण गाडी उभी राहिली की घसा जवळजवळ मिटतो, एखादा घोटच हवा लागते, आणि तेव्हा ही चीर दरवाज्याएवढी होते. मी लातूरला जाऊन आलो तो वाऱ्यावरून. ती रोज फाटकाला उभी राहायची. दोष फक्त तिलाच दिसत होता, कारण तीच थांबत होती.

मी हे सगळं मोठ्या भारावलेपणानं तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. तिचंही लक्ष अजून त्या नळीतच होतं.

“इतके दिवस जखम घेऊन चालली,” ती म्हणाली. “आणि ओरडली किती, तर नुसती एक शीळ.”

दुसऱ्या दिवशी उस्तादनं नळी काढून उलटी केली, वाकवली, आणि चीर माशाच्या तोंडासारखी उघडली. तो चक्क गप्प झाला. मग म्हणाला, “उदबत्तीनं काढलं? वहिनींनी? कमाल हाय.” त्यानं ती नळी उजेडात धरून पुन्हा पाहिली. “पर साहेब, ही आपोआप फाटलेली नाही. हिला कुणीतरी डब्यासकट जोरात रेटलेलं हाय.”

बायको माझ्याकडे बघायला लागली. उस्तादही. कोपऱ्यात वेल्डिंग चालू होतं, तेही नेमकं तेव्हाच थांबलं.

मग मी पावडरपासून सुरुवात केली. गच्चीपर्यंत आलो तेव्हा उस्ताद खाली बसला होता. गुडघ्यापर्यंत आलो तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बायको हसली नाही.

“म्हणजे माझा क्लच?” तिनं विचारलं.

“चांगला आहे.”

“आणि पाय?”

“पाय उत्तम आहे. पाय पहिल्यापासून उत्तम होता.”

“हे सगळ्यांसमोर बोललात ते बरं झालं,” ती म्हणाली आणि चावीसाठी हात पुढे केला.

पुढच्या रविवारी लातूरला तिच्या बहिणीकडे जायचं होतं. तिनं कपाटातून लायसन काढलं, चपला काढून बूट घातले आणि ड्रायव्हरच्या बाजूनं बसली. एवढ्या लांब ती कधी गेली नव्हती. मी शेजारी, दोन्ही हात मांडीवर, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. लोहा मागे टाकलं. अहमदपूरच्या गर्दीत पुढे उसाचा ट्रॅक्टर आडवा अडकला, मागे दोन ट्रॉल्या, आणि सगळा रस्ता तुंबला. तिनं गाडी न्यूट्रलला घेतली. माझे कान टवकारलेले. काहीच ऐकू येईना. आरसा बघितला, मागच्या एसटीचा बोर्ड त्यात स्पष्ट, अक्षर न अक्षर वाचता येत होतं.

ट्रॅक्टर हलला. तिला वाटलं, गाडी बंद पडली. तिनं किल्ली फिरवली आणि चालू इंजिनावर स्टार्टर किंचाळला. आम्ही दोघंही दचकलो. ती क्षणभर हातातल्या किल्लीकडे बघत राहिली, मग हसायला लागली, इतकी की शेजारचा रिक्षावालाही उगीच हसला. “चालूच होती की हो!” असं म्हणत तिनं फर्स्ट टाकला, क्लच सोडला आणि गाडी एक झटका न देता निघाली.

गावाबाहेर दोन्ही बाजूंना तूर फुलावर होती. खूप वेळ मी गप्प होतो, म्हणजे माझ्या मानानं. काट्याकडे पाहिलं, तो जागच्या जागी होता. राहवेना.

“आता एवढं जमलंच आहे,” मी म्हणालो, “तर अ‍ॅव्हरेज अजून थोडं वाढवता येईल. त्यासाठी काय करावं, विचार करून राहिलो.”

तिनं रस्त्यावरची नजर हलवली नाही.

“पुढच्या वेळी घरी थांबा. एवढं वजन उगंच ओढून राहिली बिचारी.”